मदत हवी आहे: फिनलंडहून पुण्यात परत येतोय, लेकीला कितवीत घालू?

नमस्कार मंडळी, जूनमध्ये एस्पोहून (हेलसिंकीच्या शेजारी) कायमचं पुण्याला येतोय आणि शाळेचं टेन्शन आलंय. इथे मूल ७ वर्षांचं होतं त्या वर्षी पहिली सुरू होते, त्यामुळे आमची ८ वर्षांची बया आत्ता पहिली संपवतेय आणि पुण्यात तिच्या वयाची पोरं तिसरीत जाणार. एकटी चालत शाळेत जाते, ४५ मिनिटांचा तास झाला की १५ मिनिटं मैदानात, थंडीतसुद्धा, दुपारचं गरम जेवण फुकट (हे १९४८ पासून चालू आहे!), होमवर्क नावापुरता. देशभराची मोठी परीक्षा थेट आपल्या बारावीच्या आसपास.

पुण्यातल्या एका शाळेने फोनवर सांगितलं टेस्ट घेऊ, नाही जमली तर दुसरीत. पण २००९ च्या आरटीई कायद्यात प्रवेशासाठी अशी चाचणी घ्यायला बंदी आहे ना? कोणी प्रत्यक्ष भांडून बघितलंय का?

दुसरं म्हणजे मराठी. बोलते झकास, आजीशी तासन्‌तास गप्पा, पण वाचता फक्त फिनिश येतं. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांना कंपल्सरी झालंय, मला ते आवडतं खरं तर, पण घरी सुरुवात कशी करू, बाराखडी की थेट गोष्टी? सासूबाई म्हणतात महिन्याभरात शिकवते, त्यांचा उत्साह दांडगा.

कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात खरंखुरं मैदान असलेली शाळा माहीत असेल तर सांगा प्लीज. फक्त ट्यूशन लावा म्हणू नका, या वयात मला ते पटतच नाही.