शब्दचर्चा : कॉम्प्युटर 'झोपला' म्हणजे नेमका काय झाला?

मंगळवारी माझं घरून काम होतं. सकाळी साडेनऊला डोंबिवलीहून अंधेरीतल्या ऑफिसच्या पीसीवर रिमोट घ्यायला बसले. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लागला, पण रिमोट लागेना. शेवटी वॉचमनकाकांना फोन केला. "काका, माझा कॉम्प्युटर बंद आहे का जरा बघता?" काका म्हणाले, "बंद नाय मॅडम, झोपलाय. दिवा मिणमिणतोय." मी म्हटलं, "मग बटण दाबा." काकांनी दाबलं. मनापासून, अंगठा रोवून. दिवा गेला आणि त्याच्याबरोबर आदल्या संध्याकाळचे सेव्ह न केलेले आकडेही गेले.

काकांची काहीच चूक नाही. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय : स्क्रीन काळी झाली तरी आपण 'झोपला' म्हणतो, स्लीपला तेच, हायबरनेटलाही तेच. फोनवर पलीकडच्या माणसाला नेमकं सांगता येईल असे वेगवेगळे शब्द मराठीत आहेत का? 'निद्रावस्था', 'सुप्तावस्था' नकोत. वॉचमनकाकांना फोनवर 'सुप्तावस्था' म्हणून बघा एकदा.

प्रतिसाद १

ताई, तुमचा घात 'झोपला'ने नाही, 'दाबा'ने केला. 'दाबणे' आणि 'दाबून धरणे' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पीसीच्या वीजव्यवस्थेचं एसीपीआय नावाचं मानक १९९६ सालचं आहे. त्यानुसार बटण चार सेकंदांच्या वर धरलं की मशीनची वीज सरळ तुटते, आत काय चाललंय ते न विचारता. नुसतं दाबून सोडलं असतं तर बहुधा उठला असता. आमच्याकडे फोनवर सांगताना आम्ही 'टिचकी मारा' म्हणतो. टिचकी कोणी धरून ठेवत नाही.

प्रतिसाद २

शब्द आहेत की! स्क्रीनच काळी झाली असेल तर त्यानं नुसते डोळे मिटलेत, मशीन टक्क जागं आहे. लॉक केलेला म्हणजे आत जागा, दाराला कडी. या दोन्हींत रिमोट लागतो.

स्लीपला मी 'डुलकी' म्हणेन. चालू काम रॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत) तसंच असतं आणि रॅमला तेवढी वीज मिळत राहते, म्हणून दिवा मिणमिणतो. डुलकीत लाईट गेली की काम गेलं. हायबरनेटला तर शाळेच्या पुस्तकातल्या बेडकाची 'शीतनिद्रा' आहेच. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन विझतं. प्लग काढला तरी चालतो, उठल्यावर काम सोडलं होतं तिथूनच सुरू.

म्हणजे काकांना 'झोपलाय का' असं विचारायचंच नाही. 'दिवा कसा आहे' विचारायचं. विझलेला, स्थिर की मिणमिणता. मिणमिणता असेल तर डुलकी. (काही मशीनवर डुलकीत दिव्याचा नुसता रंग बदलतो, तेवढं आधी बघून ठेवा.)

प्रतिसाद ३

सपोर्टमध्ये काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक. दर वेळी काकांना कशाला उठवायचं? वेक-ऑन-लॅन चालू करा. लॅनवरून, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरून, 'मॅजिक पॅकेट' नावाचं एक छोटं पॅकेट पाठवायचं, त्यानं मशीन उठतं. पॅकेटमध्ये आधी सहा बाइट सगळे एफएफ (म्हणजे २५५), मग त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट.

मात्र बायोसमध्ये (मशीनच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये) ही सोय चालू हवी, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये मशीन उठवायची मुभा द्यायला हवी. तिथेच 'फक्त मॅजिक पॅकेटनेच उठव' हीही खूण करा, नाहीतर भलत्याच ट्रॅफिकनं मशीन रात्रभर दचकून उठत बसतं. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाऊन केलेलं मशीन पूर्ण बंद होत नाही, आणि हाकेलाही ओ देत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

'हाकेला ओ'! हाच शब्द. सहा वेळा 'अहो, अहो' आणि मग सोळा वेळा नाव : ही शुद्ध हाक आहे. आणि कार्डाचा एक कान जागा असलेल्या या झोपेला संस्कृत सुभाषितानं नाव देऊन ठेवलंय. 'काकचेष्टा बकध्यानं श्वाननिद्रा तथैव च.' विद्यार्थ्याला सांगितलेली श्वाननिद्रा. पान हललं की उठ.

धागाकर्ती

श्वाननिद्रा मस्त! पण काल सगळं चालू करून घरून हाक मारली, ढिम्म नाही. काकांनी टिचकी मारली तर लगेच उठला.

प्रतिसाद ३

कारण ही हाक गल्लीपुरतीच असते. ती सगळ्यांच्या नावे ओरडून मारलेली असते आणि असला ओरडा राउटर सहसा पुढे जाऊ देत नाही. व्हीपीएन लागला तरी तुम्ही बहुतेक वेळा दुसऱ्याच गल्लीत उतरता. मराठीत 'हाकेच्या अंतरावर' म्हणतात ना, ते इथे शब्दशः घ्या. ऑफिसातच, त्याच नेटवर्कवर, सतत चालू असलेलं एखादं बारकं मशीन हवं. तुम्ही त्याला सांगायचं, ते आतून हाक मारेल. मात्र आधी आयटीवाल्यांना विचारा. आणि कुणी 'राउटरवर ३३८९ पोर्ट उघडा टाका' असा सल्ला दिला तर ऐकू नका. तो रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, आणि इंटरनेटला थेट उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप म्हणजे रात्री सताड उघडं दार.

प्रतिसाद ४

त्या बारक्या मशीनला 'जागल्या' म्हणा! गावगाड्यात रात्री पहारा देणारा जागल्या. हल्ली पेपरवाले व्हिसलब्लोअरलाही तेच म्हणतात, पण मूळ काम हेच : गाव झोपल्यावर आपण जागायचं आणि वेळ आली की हाक द्यायची.

एक अवांतर. या सगळ्यात 'लागणे' सुटलं. फोन लागतो, व्हीपीएन लागतो, रिमोट लागतो. आणि डोळाही लागतो. पीसीचा डोळा लागला म्हणून ताईंचा रिमोट लागला नाही. परभाषकाला हे वाक्य समजावून दाखवा.

प्रतिसाद १

आणि तेवढ्यात साहेबांचा फोन लागला असेल.

धागाकर्ती

लागला होता! असो. आयटीनं जुना थिन क्लायंट (सर्व्हरच्या जोरावर चालणारा छोटा कॉम्प्युटर) जागल्या म्हणून दिलाय. आज सकाळी हाक मारली, साताठ सेकंदांत ओ आली. सीपीयूवर चिठ्ठीही लावली आहे : 'दिवा मिणमिणत असेल तर टिचकी मारा. धरून ठेवू नका.' काकांनी वाचली आणि विचारलं, "मॅडम, आणि दिवा नुसता लाल असला तर?" या मॉडेलमध्ये लाल कशाचा, कुणाला माहीत आहे का?