प्रतिसाद: अभंगातलं शुद्धलेखन ‘दुरुस्त’ करावं का?

वर एकांनी म्हटलंय की पत्रिकेत अभंग छापताना जुने अनुस्वार काढून ‘शुद्ध’ करावेत. हे नियमातच बसत नाही. साहित्य महामंडळाचा नियम सांगतो: केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळानुसार छापावं. ‘मुखें’वरचा अनुस्वार तृतीयेचा, ‘द्वारीं’वरचा सप्तमीचा. तो उडवला की ‘मुखें’चं ‘मुखे’ होतं, म्हणजे आजचा वाचक ‘मुखाने’ऐवजी ‘अनेक मुखं’ असं वाचू शकतो. डीटीपीवाल्याकडे फाइल देताना स्पेलचेक बंद ठेवायला सांगा, प्रूफ एखाद्या जुन्या छापील प्रतीशी ताडून बघा. खरा घोळ तिथेच होतो.

आदराचा वाद, म्हणजे अभंगातलं संतांचं एकेरी नाव आदरार्थी करायचं का हा, त्याहून सोपा. देवनागरीला कॅपिटल नाही, त्यामुळे आदर दाखवायचा तो ‘श्री’ने किंवा बहुवचनाने, आणि तोही फक्त आपल्या वाक्यात. ‘तुका म्हणे’चं ‘तुकाराम महाराज म्हणतात’ करायचं नाही, ती नाममुद्रा आहे, म्हणजे कवीने रचनेत घातलेली स्वतःची खूण. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं (छोट्या भक्तिरचना) देवनागरीत छापतानाही हेच. शेवटचं ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची नाममुद्रा, ती जागा वाचवायला कापू नका. ती गेली की वचन कोणाचं याची खूणच जाते, आणि मग ते दुसरे वचनकार बसवण्णा यांच्या नावावर खपतं.