पेपर कोनला गम लावायचा की नाही? वाद घाला, पण कारण देऊन

कातळकर, रत्नागिरी
स्पीकरच्या कोनला (आवाज काढणाऱ्या पुढच्या शंकूला) लेप लावणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान, असं एका मित्राने परवा ऐकवलं आणि ते डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. माझं मत सरळ आहे, कोन कागदी असेल आणि वरच्या भागात आवाज कर्कश येत असेल तर पातळ लेप लावावा, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तर लावावाच लावावा.

खालच्या फ्रिक्वेन्सीला अख्खा कोन एकसंध पुढेमागे होतो. फ्रिक्वेन्सी वाढत गेली की व्हॉइस कॉइलपासून (कोनला हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीपासून) निघालेली लाट कोनच्या अंगातून वाकत वाकत कडेपर्यंत जाते, सराउंडने (कोनच्या कडेच्या लवचीक पट्टीने) ती गिळली नाही तर परत फिरते आणि मग कोनचा एक भाग पुढे असताना दुसरा मागे असा गोंधळ सुरू होतो, यालाच ब्रेकअप म्हणतात. आठ इंची वूफरला (खालच्या सुरांच्या स्पीकरला) हे बऱ्याचदा दोन ते पाच हजार हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी होतं, म्हणजे नेमकं जिथे आपला कान सगळ्यात तिखट असतो तिथेच. पाणी घालून पातळ केलेला पांढरा गम म्हणजे पीव्हीए, किंवा चित्रकार वापरतात ते डॅमर राळेचं वॉर्निश, यांचा हलका हात दिला की ती लाट कोनमध्येच विरते.

आणि हे काही गल्लीतल्या जुगाडू लोकांनी काढलेलं नाही. बीबीसीचा एलएस३/५ए नावाचा छोटा मॉनिटर (स्टुडिओत तपासून ऐकायचा स्पीकर) आहे ना, त्यातल्या केईएफ कंपनीच्या बी११० ड्रायव्हरचा (स्पीकर युनिटचा) कोन बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा होता आणि त्याच्यावर पीव्हीएचाच लेप असायचा. नुसतं बेक्स्ट्रीन फार बोलायचं म्हणून.

क्रॉसओव्हरवाला, चिपळूण
बीबीसीचं उदाहरण अर्धंच सांगितलंस भाऊ. पुढे काय झालं? त्याच बीबीसीच्या डडली हारवूडने १९७६ साली पॉलिप्रॉपिलीन कोनचं पेटंट घेतलं, १९७७ ला स्वतःची हार्बेथ कंपनी काढली, कारण त्या मटेरियलमध्ये डॅम्पिंग, म्हणजे कंप जिरवायचा गुण, मुळातच असतो, वरून काही फासावं लागत नाही. म्हणजे लेप ही नाइलाजाची गोष्ट होती, चांगलं मटेरियल मिळाल्यावर त्यांनीच ती मागे टाकली. आणि त्या एलएस३/५एची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटला किती आवाज देतो ते, बघ, ८२-८३ डीबी. इतकी कमी का, त्याला बॉक्सचा आकार वगैरे इतर कारणं आहेत मान्य, पण जड कोनचा वाटा आहेच.

आता तुझ्या आठ इंचीचं गणित. हलणारं वजन समज २० ग्रॅम, त्यावर तू २ ग्रॅम गम चढवलास, दहा टक्के. आवाज ०.८ डीबीने खाली. रेझोनन्स (कोन आपोआप डोलतो ती फ्रिक्वेन्सी) ४५ हर्ट्झवर असेल तर ४३ च्या आसपास येणार, म्हणजे बॉक्सचं ट्यूनिंगही हललं. हे सगळं का, तर क्रॉसओव्हरमध्ये (वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटणाऱ्या सर्किटमध्ये) एक नॉच फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सी दाबणारा) घालायचा कंटाळा म्हणून! कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर, तीन पार्ट लागतात, पटलं नाही तर काढून टाकता येतात. गम काढून दाखव.

कातळकर
नॉचने सगळं भागत असतं तर मी धागा काढलाच नसता. समज ब्रेकअपचा डोंगर ४५०० ला आहे आणि तू फिल्टरने ४५०० दाबलास. पण गाण्यात १५०० चा सूर वाजला की मॅग्नेट आणि कॉइलच्या खोटीमुळे त्याचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) ड्रायव्हरच्या आतच तयार होतो आणि तो असतो बरोबर ४५००. तो फिल्टरच्या पुढे जन्मलाय, त्याला तुझा नॉच कसा अडवणार? कोन त्याला मोठा करून तुझ्या कानात घालतो. हे दुखणं कोनमध्ये आहे, औषध कोनलाच लावायला हवं.

क्रॉसओव्हरवाला
हा मुद्दा मात्र खरा आहे. पण मग क्रॉस खाली घे, १५०० ची कामगिरी वूफरकडे देऊच नको.

कातळकर
आणि ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जाळू? त्याच्या एक इंची डोमला एवढं खाली खेचलं की गणपतीतली एक आरती मोठ्याने लावली तरी संपला तो.

रिकोनवालो, कुडाळ
तुमी शिकलेली माणसा, मी रोज कोन फाडणारो. माज्याकडे जे स्पीकर येतत ते ब्रेकअपमुळे येनत नाय, मॅग्नेटाच्या गॅपात गंज जाता, कॉइल घासता, सराउंडाक बुरशी येता. आणि लोकांका वाटता काळो ऑइलपेंट मारलो की स्पीकर नवो झालो. पेंट सुकता, कडक होता, सराउंड हलाचो बंद होता आणि मगे जत्रेत रात्रभर वाजवलो की कडेक फाटता. पंधरा इंचीच्या कापडी सराउंडाक कंपनी जा चिकट लावता ना, ता मुद्दाम कदी न सुकणारा असता. तेच्यावर धूळ बसली म्हणान काय जण स्पिरीट घेवन पुसूक बसतत. पुसू नको रे बाबांनू.

कोनाक पातळ हात दिलो तर माजा काय म्हणणा नाय. सराउंड, स्पायडर (कॉइलीक मधोमध धरणारी जाळी) आणि कॉइल, हेंका हात लावूचो नाय. तेवढा सांभाळा.

बुवा_डबलबारी, कणकवली
मंडळी, तुमच्या गणितात पडत नाही पण पखवाजाच्या धुमेला (डाव्या बाजूला) आम्ही कणीक लावतोच की. तेवढ्याशा पिठाने आवाजाचा पोतच बदलतो, फाटलेपणा जाऊन घुमारा येतो. मग कोनला लावल्यावर फरक पडत नाही असं कुठल्या तोंडाने म्हणता?

क्रॉसओव्हरवाला
बुवा, फरक पडत नाही असं मी म्हटलंच नाही, नको तो पडतो असं म्हणतोय. शाईचं किंवा कणकेचं काम वेगळं आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलं होतं, साध्या चामड्याचे ओव्हरटोन बेसूर असतात, मधोमध वजन चढवलं की ते सुरात येतात. म्हणजे पखवाजाला स्वतःचा आवाज हवा म्हणून तिथे वजन घालतात. स्पीकरला स्वतःचा आवाज अजिबात नको, तुमचा पखवाज त्याच्यातून तुमचाच पखवाज वाटला पाहिजे. लेप लावून 'आवाज गोड झाला' म्हणणाऱ्यांचं मला हेच पटत नाही, गोड झाला म्हणजे बदलला, खरा झाला असं थोडंच.

मापाडी, गुहागर
दोघंही भांडताय पण मोजतंय कोण? आवाज मोजायचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक फार महाग नाही. रिस्पॉन्स (कुठली फ्रिक्वेन्सी किती मोठी) आणि वॉटरफॉल (ती किती वेळ घुमत राहते) यांचे आलेख काढा, लेपाआधी आणि लेपानंतर. डोंगर खाली आला आणि त्याची शेपटी आखूड झाली तर लेपाने काम केलं, फक्त सगळी रेघच एक डीबी खाली सरकली तर तुम्ही नुसतं वजन वाढवलंत आणि कानाला ते 'मऊ' वाटतंय. ऐकून ठरवायचं असेल तर दोन्हींची पातळी सारखी करून, कुठला कुठला ते न बघता ऐका.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच, आणि ते आपल्या किनाऱ्यापुरतं फार महत्त्वाचं आहे. कागद स्वतःच पाणी पितो. हवेत ५० टक्के आर्द्रता असताना कागदात त्याच्या वजनाच्या साधारण ६-७ टक्के पाणी असतं, ९० टक्क्यांना ते जवळपास दुप्पट. ओला कागद जड होतो, मऊ होतो आणि त्याचं डॅम्पिंगही वाढतं. म्हणजे मे मध्ये लेप लावायचा, घरच्या लग्नात वाजवायचा आणि जुलैत धो धो पावसात निवांत बसून ऐकायचा की 'वा, काय सुधारलाय', तर त्यातला लेप किती आणि पाऊस किती? दोन्ही मापं एकाच आठवड्यात, एकाच खोलीत झाली नाहीत तर त्यांना काही अर्थ नाही. जोडीतला एक ड्रायव्हर तसाच ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजा, हा सगळ्यात सोपा उपाय. इंटरनेटवरचे बरेचसे अनुभव ह्या एका कारणाने मी बाजूला ठेवते.

कातळकर
ताई, हे पटलं, आणि खरं तर माझ्याच बाजूचं आहे. कोन ऋतूप्रमाणे बदलतो म्हणूनच त्याला सील करायला हवं ना? लेप लावला की ओलावा आत जाणार नाही, बाराही महिने सारखा वाजेल.

मापाडी
पीव्हीएने? तो पांढरा गम पाण्यातच विरघळवून बनवल्यासारखा असतो, सुकल्यावरही दमट हवेत परत मऊ पडतो. सुतारसुद्धा ओलाव्याच्या जागी साधा गम वापरत नाहीत, वॉटरप्रूफवाला घेतात. सील करायचं असेल तर डॅमर बरं, त्याला पाण्याचं वावडं नाही. पण ते वर्षांनी पिवळं आणि ठिसूळ होतं हेही धरून चाला. शिवाय एकाच बाजूने लावलात तर मागची बाजू पाणी पीतच राहणार.

होडीवाला, वेंगुर्ला
मग काजूच्या टरफलाचं तेल लावा की. होड्यांच्या लाकडाला लावतात, खाऱ्या पाण्यात टिकतं, आपल्याकडे मुबलक आहे.

रिकोनवालो
नको रे! हातार पडला तर फोड येतत, काजूच्या कारखान्यातल्या बायकांका इचार. आणि ता सुकाक किती दिवस घेता माहीत आसा मा? तवसर कोन तेलकट होवन कॉइलीचो सांधो सुटात.

कातळकर
बरं, मग मी असं करतो, डॅमर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, कोनच्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागावर, पुढून आणि हात पोचेल तेवढं मागून. लाट परततेय ती कडेवरून, मग मधल्या भागावर वजन कशाला. डस्ट कॅप (मधली टोपी) सोडायचा. जोडीतला उजवा आधी, डावा कोरा. माप ताईंच्या पद्धतीने, एकाच आठवड्यात.

क्रॉसओव्हरवाला
कर. पण आधी इम्पीडन्सची (फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणाऱ्या विद्युत विरोधाची) रेघ काढ आणि हजार हर्ट्झच्या आसपास छोटी अढी दिसतेय का बघ. दिसली तर दुखणं बहुतेक सराउंडचं असेल, कोनचं नाही, आणि मग तुझं डॅमर चुकीच्या जागी जाणार. माझं मत बदललेलं नाही, चांगल्या ड्रायव्हरच्या कागदात कंपनीने लगदा बनवतानाच जे घालायचं ते घातलेलं असतं. जुना, बंद पडलेल्या म्युझिक सिस्टममधला काढलेला असेल तर मात्र खुशाल लाव.

नवीन_मेंबर, देवगड
माझ्या स्पीकरचा कोन काळा गुळगुळीत प्लॅस्टिकसारखा आहे, मी पण लावू का?

मापाडी
तो पॉलिप्रॉपिलीन असणार. त्याला गम धरतच नाही, सुकला की पापुद्र्यासारखा निघून येईल. ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि गाणी ऐका.