चंद्राला वातावरण आहे की नाही? दोन्ही बाजूंचे पुरावे तपासावेत, ही विनंती

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. कोजागरीच्या रात्री येथील वाचनालयाच्या अंगणात चंद्राच्या वातावरणावरून सुरू झालेला वाद अद्याप मिटलेला नाही. वातावरण आहे असे मानणारे तीन गोष्टी पुढे करतात: चंद्राभोवती पडणारे खळे, खग्रास ग्रहणात त्याला येणारा तांबूस रंग आणि चांद्रयान-२ ने तेथे सोडियम टिपल्याची बातमी. नाही म्हणणारे मात्र ‘शाळेत शिकवले तेच खरे’ एवढे सांगून थांबतात. मला हे अधिक खटकते, कारण पाठ्यपुस्तकातील विधानामागेही कोणाचे तरी निरीक्षण असलेच पाहिजे. ते कोणते, आणि मग सोडियमचे काय?

उत्तर १ (पेडणे)

ते निरीक्षण पिधानाचे आहे. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो तेव्हा, तेथे दाट हवा असती, तर तारा कडेजवळ येताना मंद होत गेला असता आणि प्रकाश वाकल्यामुळे गणिताने येणाऱ्या वेळेपेक्षा उशिरा दिसेनासा झाला असता. प्रत्यक्षात तो क्षणार्धात नाहीसा होतो. खगोलशास्त्रज्ञ बॉस्कोविच यांनी १७५३ मध्ये चंद्राच्या वातावरणाविरुद्ध युक्तिवाद केला, तो याच आधारावर. ज्येष्ठा तारा चंद्राआड किंचित सावकाश दिसेनासा होतो, परंतु तो ताऱ्याच्या प्रचंड आकाराचा परिणाम आहे, चंद्रावरील हवेचा नव्हे.

खळे आणि ग्रहणातील तांबूस रंग हे दोन्ही पुरावे वादातून काढून टाकावेत. सुमारे २२ अंश त्रिज्येचे खळे आपल्याच आकाशातील उंच ढगांमधल्या हिमकणांमुळे पडते, आणि ग्रहणातील तांबडा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून वाकून चंद्रावर पोहोचलेला असतो.

उत्तर २ (डिचोली)

खळ्याचा मुद्दा मी मागे घेण्यास तयार आहे, पण त्यावरून चंद्राभोवती काहीच नाही असे ठरत नाही. अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी १९७२ मध्ये तेथे ठेवलेल्या वस्तुमान-वर्णपटमापकाने (वायूंचे कण वजनावरून ओळखणाऱ्या उपकरणाने) हेलियम आणि आरगॉन नोंदवले. आरगॉनचे वर्तन तर विलक्षण आहे: रात्रीच्या थंडीत तो पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि सूर्योदयाच्या सुमारास पुन्हा मोकळा होतो. तो चंद्राच्या पोटातील किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार होतो, म्हणजे चंद्र स्वतः वायू निर्माण करत आहे. सोडियम आणि पोटॅशियमचा क्षीण प्रकाश १९८८ मध्ये पृथ्वीवरील दुर्बिणींतूनही ओळखला गेला. इतके सगळे असताना ‘वातावरण नाही’ हे विधान मुलांना शिकवावे का?

उत्तर ३ (मडगाव)

प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण सांगितल्याशिवाय दोन्ही पक्ष अर्धेच बोलत आहेत. समुद्रसपाटीवरील १ घन सेंटीमीटर हवेत सुमारे २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. चंद्राच्या पृष्ठभागाजवळ रात्री तेवढ्याच जागेत साधारण दोन लाख कण आढळतात. हे कण इतके विरळ असतात की ते एकमेकांवर आदळतच नाहीत, पृष्ठभागावरून उडतात आणि पुन्हा तेथेच पडतात किंवा अवकाशात निघून जातात. म्हणून तेथे वारा नाही, ढग नाहीत, आकाश दिवसाही काळे असते. चंद्रावरील मुक्तिवेग (गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणारा वेग) सेकंदाला केवळ २.४ किलोमीटर असल्याने हलके वायू टिकत नाहीत, आणि सूर्याचे अतिनील किरण व सौरवारा (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत) उरलेल्यांचीही गळती चालू ठेवतात.

दोन लाख कणांमुळे ताऱ्याचा प्रकाश वाकणे शक्य नाही, त्यामुळे पिधानाचे निरीक्षण आणि आरगॉनची नोंद यांत विरोध नाही. परंतु डिचोलीकरांनी खग्रास ग्रहणाचा पुरावाही सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण निष्कर्ष अंशतः बरोबर ठरला म्हणून चुकीची साक्ष खरी होत नाही.

मला याहून अधिक काळजी एका गोष्टीची वाटते. या संपूर्ण वायुवेष्टनाचे वस्तुमान काही टनांच्या घरात आहे, आणि अपोलोच्या सहा उतरणींत यानांच्या इंजिनांतून सुटलेला वायू त्याच्याशी तुलना करण्याइतका होता. २०१३ मध्ये निघालेल्या नासाच्या लाडी यानाने चंद्राभोवती फिरून हेलियम, निऑन आणि आरगॉन मोजले, त्यामागे पुढील मोहिमांची गर्दी होण्याआधी मूळ स्थिती नोंदवून ठेवण्याचाही हेतू होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आपले विक्रम लँडरही दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले. त्याच भागात आता अनेक देशांना उतरायचे आहे. प्रत्येक उतरणीपूर्वी आणि नंतर तेथील वायूंचे मोजमाप व्हावे, असे मला मनापासून वाटते.