व्हॅन विजेवर आणली की पाप फिटलं?

आकडेमोड: काल 'हिरवळ' यांनी लिहिलं, की अमेरिकेतल्या घर-सुरक्षा कंपन्या तंत्रज्ञांच्या व्हॅन विजेवर आणतायत, म्हणजे या धंद्याचा कार्बनचा प्रश्न निम्मा सुटला. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

एक व्हॅन धरा. वर्षाला २०,००० किमी, लिटरला १० किमी, म्हणजे २,००० लिटर पेट्रोल. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, एकूण ४.६ टन. वर्षाला ५०० घरं केली तर घरामागे सव्वानऊ किलो. आता त्या घरात काय टांगलं ते बघा. पाच वॅटचे चार कॅमेरे आणि १२ वॅटचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) मिळून ३२ वॅट, चोवीस तास. वर्षाला २८० युनिट. अमेरिकी ग्रिडचे युनिटमागे ०.३७ किलो धरले तरी १०४ किलो. सात वर्षांत सातशेच्या वर! व्हॅन स्कोप १ मध्ये (कंपनीनं स्वतः जाळलेलं इंधन), म्हणून अहवालाच्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो. गिऱ्हाइकाच्या मीटरवर फिरतं ते स्कोप ३ (कंपनीबाहेरचं उत्सर्जन), प्रकार ११ (विकलेल्या वस्तूंचा वापर). ते कुठल्या तरी परिशिष्टात.

हिरवळ: चार कॅमेरे आणि एनव्हीआर हे अमेरिकेतलं सरसकट घर कुठून झालं? कित्येक घरांत एक अलार्मचं पॅनेल, दारंखिडक्या उघडल्याचं सांगणारे कॉन्टॅक्ट आणि एखाद-दुसरा पीआयआर (हालचाल टिपणारा सेन्सर), बस. सेन्सर सीआर१२३ए या छोट्या लिथियम सेलवर वर्षानुवर्षं चालतात. पॅनेल सहा वॅट, म्हणजे वर्षाला ५२ युनिट, १९ किलो. तिकडे व्हॅन एकदाच येते का? सेल संपला, सेन्सर पडला, राउटर बदलला, की पुन्हा फेरी. सात वर्षांत सहा फेऱ्या म्हणजे ५५ किलो, पॅनेलच्या १३६ समोर. हे नगण्य? आणि गिऱ्हाइकाचं ग्रिड कंपनीच्या हातात नाही, व्हॅन आहे.

आकडेमोड: नुसतं पॅनेल असलेल्या घरात व्हॅनचं वजन वाढतं, मान्य. आता पेढे वाटा. पण 'हातात नाही' हे चालणार नाही. व्हिडिओ दाबायला एच.२६४ ऐवजी जास्त दाबणारं एच.२६५, क्लाउडवर सतत चढवण्याऐवजी कॅमेऱ्यातल्या कार्डावर हालचालीपुरतं रेकॉर्डिंग, रात्री गरज नसेल तिथे आयआर (इन्फ्रारेड) दिवे बंद, हे सगळं इन्स्टॉलरच्या सेटिंगमध्ये आहे. एसबीटीआय (कंपन्यांची कपातीची लक्ष्यं तपासणारी संस्था) हिच्या नियमानं स्कोप ३ एकूण उत्सर्जनाच्या ४० टक्के किंवा जास्त असेल तर त्याचंही लक्ष्य द्यावं लागतं. म्हणून '२०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ४२ टक्के कपात' वाचलं की आधी बघा, ती फक्त स्कोप १ आणि २ (विकत घेतलेली वीज) ची आहे का.

भोचक_भवानी: शिवाय स्कोप २ चे दोन हिशेब असतात. हरित विजेची प्रमाणपत्रं विकत घेऊन बाजार-आधारित आकडा शून्य, आणि स्थान-आधारित आकडा जिथल्या तिथे. मॉनिटरिंग सेंटरची वीज तीच, कागद वेगळा. मुखपृष्ठावर कुठला छापतात, सांगायला नको.

प्लॅनोकर: तुम्ही सगळे थ्रीजी विसरलात. एटी अँड टी या मोबाइल कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा पॅनेलमधले रेडिओ चालू स्थितीत बाद झाले. प्रत्येक घरी फेरी, नवा कम्युनिकेटर (रेडिओचा भाग), जुना ई-कचऱ्यात. आणि घर-सुरक्षा कंपनी एडीटीनं २०२१ मध्ये सनप्रो सोलर घेतली, २०२४ मध्ये घरगुती सोलरमधून बाहेर. ही कपातीची वचनं लिहायची तरी कशाच्या भरवशावर?

खानदेशी_वायरमन: रेडिओ राहू द्या, पॅनेलमधल्या बॅटरीबद्दल कोणी बोलतच नाही. १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास), दोन-सव्वादोन किलो शिसं-आम्ल. २५ अंशांवर चार-पाच वर्षं टिकते, दर दहा अंशांना आयुष्य निम्मं. आपल्याकडे पॅनेल माळ्यावर, पत्र्याखाली. त्यात चार्जर १३.८ व्होल्टला खिळलेला. तापमान १५ अंश चढलं तर साधारण २७० मिलिव्होल्ट खाली आणायला हवेत, पण स्वस्त बोर्डात ती सोयच नसते. मग बॅटरी फुगते, डबा उघडत नाही, पॅनेलसकट भंगारात.

आकडेमोड: धागा कार्बनचा आहे हो.

खानदेशी_वायरमन: मग मी काय लाडवांची पाककृती सांगतोय का? दर दोन वर्षांनी दोन किलोची बॅटरी आणि एक फेरी, हा कार्बन नाही?

हिरवळ: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाका, दहा वर्षं बघायला नको.

खानदेशी_वायरमन: टाका आणि फसा! तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट, मग एकदम कोसळतं. पॅनेल 'बॅटरी लो' देतं साडेअकराच्या आसपास. तो इशारा जायच्या आत बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) तोडून मोकळं, घर आंधळं. प्लॅनोकरांकडे गॅरेजमध्ये शून्याखाली गेलं की चार्जिंगही करू नये.

प्लॅनोकर: टेक्सासात शून्याखालचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. मिनेसोटाचं बोला.

भोचक_भवानी: आणि त्या बॅटरीच्या ८४ वॅट-तासांवर (१२ × ७) आकडेमोड यांचे ३२ वॅट दोन तासही धड चालणार नाहीत. म्हणजे वेगळा यूपीएस. रिकामा यूपीएससुद्धा पाच-दहा वॅट खातो. धरा तेही प्रकार ११ मध्ये.

आकडेमोड: यूपीएस कंपनीनं विकला तरच. गिऱ्हाइकानं बाहेरून आणला तर तो यांच्या हिशेबात येतच नाही. पण बॅटरीच्या फेऱ्या मी धरल्या नव्हत्या, हे खरं. व्हॅनचे घरामागे सव्वानऊ किलो कमी पडतात. बाकी मुद्दा तसाच.

हिरवळ: म्हणजे व्हॅनचा आकडा वाढला. आभारी आहे.

खानदेशी_वायरमन: तुमचं झालं असेल तर ज्यांची पॅनेलं माळ्यावर आहेत त्यांनी बॅटरीची एक तार काढून चार्जरच्या टोकांना मल्टीमीटर लावा. १३.८ किंवा त्याच्या वर दिसलं तर बोर्डावर छोटा प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) आहे का बघा. असल्यास उन्हाळ्यापुरता साडेतेरावर आणा. नसल्यास पॅनेल माळ्यावरून खाली.