मदत हवी आहे: पाऊस नसताना समुद्राचा पूर? बहीण इंग्लंडच्या किनाऱ्यावर एकटी आहे

नमस्कार मंडळी. घाईत लिहितो आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठचा, धानाचा शेतकरी. नदीचा पूर आम्हाला नवा नाही. समुद्र मात्र आमच्या घरात माझ्या लहान बहिणीशिवाय कोणीच पाहिलेला नाही. ती नर्सिंग शिकली, नागपूरला तीन वर्षं नोकरी केली आणि गेल्या वर्षीपासून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्फोक भागात एका वृद्धाश्रमात काम करते. गाव नदीच्या मुखाशी आहे. समुद्र तिच्या खोलीपासून चार-पाचशे पावलांवर. खोली भाड्याची, जुन्या घरात, तळमजल्यावर.

आज दुपारी अडीचला तिचा फोन आला. रात्रभर वारा असा की खिडकीची चौकट हलून राहिली होती. सकाळी मोबाईलवर फ्लड वॉर्निंग आली: आज रात्री १० च्या भरतीला पाणी किनारा ओलांडू शकतं. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. ती म्हणाली, "दादा, पाऊस नाही. मधूनमधून ऊनसुद्धा पडतं. तरी पूर येणार म्हणतात."

आई शेजारीच बसली होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "पाऊस नाई, पानी नाई, मंग पूर कोठून येते?" मला उत्तर देता आलं नाही.

मला विचारायचं ते हे. वाऱ्याने पूर येतो तो कसा? तिने खोलीतच थांबावं की निघावं, आणि निघायचं तर कधी? तिला पोहणं उत्तम येतं, लहानपणी वैनगंगेत माझ्या बरोबरीने हात मारायची. त्या भरवशावर ती "बघते, येईल तेव्हा पाहू" म्हणते आहे. हा भरवसा धरावा का? आत्ता इथे संध्याकाळचे ५ वाजलेत, तिकडे सकाळचे साडेअकरा. हातात साधारण दहा तास आहेत. जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

खाडीकाठ:

दादा, मी रत्नागिरीचा. आधी तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, तिला आम्ही उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास लहान असते, तो भांग. मोठ्यात मोठं पाणी पौर्णिमेच्याच दिवशी येतं असंही नाही, एक-दोन दिवस मागून येतं. आमच्याकडे उधाण आणि पश्चिमेचा जोराचा वारा एका वेळेला जुळले की खाडीकाठच्या घरांत पाणी शिरतं, वर थेंबभर पाऊस नसला तरी. तुमच्या आईंना सांगा, हे पाणी आभाळातून पडत नाही, वारा ते समुद्रातून ढकलून आणतो. फरक इतकाच की आमचं संकट पावसाळ्यातलं, तिकडचं हिवाळ्यातलं.

दुसरी गोष्ट धीराची. भरतीची वेळ ठरलेली असते. नदीचं पाणी कधी वाढेल ते सांगता येत नाही, पण हे १० ला येणार म्हणजे १० च्या आगेमागेच येणार. त्याआधीचा सगळा वेळ तुमच्या बहिणीचा आहे. तो तिने वाया घालवू नये.

धागाकर्ता:

धन्यवाद भाऊ. परवाच दत्तजयंती झाली, म्हणजे पौर्णिमा. तुम्ही म्हणता तेच दिवस आहेत. आता काळजी जास्तच वाटते.

पूर्वकिनारा:

मी बारा वर्षं एसेक्समध्ये राहतो, तुमच्या बहिणीच्या दक्षिणेला, एक जिल्हा सोडून. आधी उत्तर, कारण नंतर: तिने आजच, उजेड असताना, खोली सोडावी. इथे या दिवसांत चारलाच अंधार पडतो.

इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. फ्लड अलर्ट म्हणजे तयारीत राहा. फ्लड वॉर्निंग म्हणजे पूर येणार असं धरा आणि हालचाल करा. सिव्हिअर फ्लड वॉर्निंग म्हणजे जिवाला धोका. तिला दुसरी आली आहे. तिसरीची वाट पाहू नये. पोलीस दारावर आले तर वाद न घालता निघावं. अशा वेळी शाळा किंवा क्रीडासंकुलात निवारा उघडतात, पण वृद्धाश्रम दुमजली असेल तर वरचा मजला त्याहून बरा. ती तिथलीच कर्मचारी आहे, नाही म्हणणार नाहीत. उलट आज तिथे माणसं कमीच पडत असतील.

पोहण्याबद्दल स्पष्ट लिहितो. या दिवसांत इथल्या समुद्राचं पाणी दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली असतं. अशा पाण्यात पडल्याबरोबर छाती आवळते, श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. चांगले पोहणारेही पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत असेच बुडतात. थोड्या वेळाने हातपाय ऐकेनासे होतात. वैनगंगेतलं पोहणं इथे धरूच नका. वाहतं पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत असलं तरी माणूस पडतो आणि फूटभर पाण्यात मोटार तरंगू लागते.

आता कारण. वादळ स्कॉटलंडच्या वरून नॉर्वेकडे सरकतं. हवेचा दाब १ मिलिबार उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो, ते झालं थोडंसं. खरा जोर वादळाच्या मागून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्याचा. नॉर्थ सी, म्हणजे इथला समुद्र, उत्तरेला रुंद आहे, खाली निमुळता आणि उथळ होत जातो, आणि डोव्हरपाशी इंग्लंड-फ्रान्समधलं अंतर जेमतेम ३३ किलोमीटर उरतं. नरसाळ्यात बादली उपडी केली की पाणी काठाशी तुंबतं, तसंच हे. तो फुगलेला लोट किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे काही तासांत उतरतो, म्हणून इशारा आधी देता येतो. तो नेमका उधाणाच्या भरतीवर बसला तर अनर्थ.

१९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री हेच झालं. पौर्णिमा नुकतीच झाली होती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली, नेदरलँड्समध्ये १,८३६. उत्तरेकडच्या गावांत पाणी शिरलं होतं आणि दक्षिणेकडे लोक झोपलेले होते, त्यांना कोणी कळवलंच नाही. आजची इशाऱ्याची सगळी व्यवस्था त्या रात्रीनंतर उभी राहिली. ५ डिसेंबर २०१३ ला काही ठिकाणी पाणी १९५३ पेक्षाही वर चढलं, नॉर्फोकातल्या हेम्सबीला वाळूच्या कड्यावरची घरं समुद्रात गेली, पण तशी प्राणहानी झाली नाही. लोक वेळेत निघाले होते. १३ जानेवारी २०१७ ला आमच्या जिल्ह्यात जेविक गाव रिकामं केलं, सैनिक दारोदार फिरत होते, आणि पाणी अंदाजापेक्षा कमी चढलं. तेव्हापासून काही जण म्हणतात, उगाच घाबरवतात. तुमच्या बहिणीला असं सांगणारा शेजारी भेटला तर तिने ऐकू नये.

अजून एक. गाव नदीच्या मुखाशी असेल तर समुद्राच्या भिंतीकडे पाहत बसू नका. समुद्र वर चढला की नदीला बाहेर पडता येत नाही, भरतीच उलटी नदीत शिरते आणि पाणी गावाच्या मागच्या बाजूने येतं.

धागाकर्ता:

हे शेवटचं वाचलं आणि अंगावर काटा आला. याला आमच्याकडे शब्द आहे: फुगवटा. नदीवर आमच्या खालच्या अंगाला असलेल्या गोसीखुर्द धरणाने आम्हाला तो शिकवला. ऑगस्ट २०२० च्या शेवटी पाऊस वर मध्यप्रदेशात पडला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, इकडे गोसीखुर्दची ३३ च्या ३३ दारं उघडली, आणि तरीही भंडाऱ्यात घरं बुडाली. आमच्या गावात नदी समोरून आली नाही. मागच्या नाल्याचं पाणी नदीत जाईना, ते उलटं फिरलं आणि बांध्यांतून गोठ्यापर्यंत आलं. आम्ही सगळे नदीकडे तोंड करून उभे होतो.

बहिणीला मी आत्ता फोनवर एवढंच म्हटलं, "फुगवटा येणार आहे, गोठ्याकडून." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या खोलीच्या मागे नदीच आहे दादा." दोन तास समजावून जे तिला पटत नव्हतं ते या एका शब्दाने पटलं. बॅग भरते आहे.

संत्र्याची बाग:

माझं आजोळ मोवाडचं, नरखेड तालुक्यातलं. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने ते गाव नेलं, २०४ माणसं गेली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. घरात आजही एकच गोष्ट सांगतात: मावशी दागिन्यांची पेटी आणायला मागे वळली आणि मामाने तिला केसाला धरून ओढलं, म्हणून ती आज आहे. ताईंना सांगा, एकदा निघाल्या की कशासाठीही परत जायचं नाही. पासपोर्ट, औषधं, चार्जर, गरम कपडे एकाच पिशवीत, अंगालगत. उरलेलं उंचावर ठेवायचं. निघताना विजेचं मेन बटण बंद. बस.

धागाकर्ता (पहाटे ५:१०):

ती सुखरूप आहे. आधी हेच लिहितो.

तिकडच्या दुपारी तीनलाच ती वृद्धाश्रमात गेली. तिथे खरंच माणसं कमी होती. सुट्टी असून ती कामाला लागली आणि तळमजल्यावरच्या अकरा आजी-आजोबांना अंधार पडायच्या आत वर नेलं. एक आजी १९५३ मध्ये नऊ वर्षांच्या होत्या. त्या रात्री त्यांच्या वडिलांनी त्यांना कपाटावर बसवून ठेवलं होतं. त्यांनी काल माझ्या बहिणीचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

आम्ही शेकोटी पेटवून अंगणात बसलो होतो. आई, बाबा, काकू, मी. साडेतीनला ती खिडकीपाशी उभी राहून फोनवर सांगत होती. समुद्राच्या बाजूला लाटा भिंतीवर फुटत होत्या, पाण्याचे फवारे दिव्याच्या खांबापर्यंत उडत होते, पण रस्ता ओलाच होता, भरलेला नव्हता. मग म्हणाली, "दादा, मागच्या गल्लीत गटाराचं झाकण उचललं गेलं." पाणी नदीकडूनच आलं. वीस मिनिटांत गल्लीतल्या मोटारींची अर्धी चाकं बुडाली. आवाज काहीच नाही म्हणे, वाऱ्याचाच तेवढा.

तिच्या खोलीत किती शिरलं ते अजून माहीत नाही. आता पाणी उतरतं आहे. आमच्याकडे पूर तीन-तीन दिवस बसून राहतो, हा दोन तासांत परत निघाला, याचं आईला फार नवल वाटतं आहे. पाणी गेलंच आहे तर सकाळी लवकर खोलीवर जाऊन यावं, असं बहीण म्हणते.

पूर्वकिनारा:

जाऊ देऊ नका! साडेबारा तासांनी पुढची भरती आहे, म्हणजे तिच्याकडे सकाळी साडेदहाच्या सुमारास. वारा पडला तर काही होणार नाही, पण ते आधी कळू द्या. इशारा उठेपर्यंत तिने वरच थांबावं. नंतर गेली तरी विजेचं बटण लावू नये. खारं पाणी तारांत शिरलेलं असतं, घरमालकाकडून वीजतंत्रज्ञ येऊन तपासेपर्यंत दिवासुद्धा नाही. पाण्यात गटार मिसळलेलं आहे, तेव्हा रबरी बूट आणि हातमोजे हवेत. काहीही हलवण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढावेत. विमा घराचा असतो तो मालकाचा. तिच्या सामानाचा वेगळा असेल तरच भरपाई मिळेल.

धागाकर्ता (त्याच दिवशी, रात्री ८):

सकाळची भरती नेहमीसारखी गेली, वारा पश्चिमेला वळला होता. दुपारी इशारा उठल्यावर ती मैत्रिणीबरोबर खोलीवर जाऊन आली. भिंतीवर वीतभर उंचीची रेष आहे. गादी, चटई आणि खालच्या कप्प्यातलं सगळं गेलं. फोटो काढले, बटणाला हात लावला नाही.

आता दुसरी मदत हवी आहे. तिचं नर्सिंगचं मूळ प्रमाणपत्र खालच्या कप्प्यात राहिलं होतं. भिजलं आहे, प्लास्टिकच्या फाइलला चिकटलं आहे. बाबांनी त्या कागदासाठी दोन एकर गहाण ठेवले होते. फोनवर ती त्या कागदासाठीच रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. नक्कल मिळेल हे मलाही माहीत आहे. पण तो कागद वाचवायचा काही उपाय आहे का?

खाडीकाठ:

आहे. आमच्याकडे सातबारे असेच वाचवले आहेत. फाइलमधून ओढून काढू नका, फाटेल. फाइलसकट पसरट ताटात थंड गोड्या पाण्यात ठेवा, मीठ आणि गाळ निघू द्या, पाणी दोन-तीनदा बदला. शाई पसरताना दिसली तर तिथेच थांबा. प्लास्टिक आपणहून सुटायला लागलं की हळूच वेगळं करा. मग पांढऱ्या टिपकागदावर आडवं पसरून, वर दुसरा कागद ठेवून, हवेशीर खोलीत वाळवा. ओला झालेला टिपकागद बदलत राहा. हीटरजवळ नको, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर मुळीच नको. आज जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे बुरशी धरणार नाही, मग सवडीने करता येईल.

धागाकर्ता:

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातलं मोठं ताट मिळालं आहे. त्या कपाटावरच्या आजींनी टिपकागद दिला, त्यांच्याकडे पत्रं लिहायचं जुनं सामान आहे. प्रमाणपत्र आत्ता दुसऱ्या पाण्यात आहे, शाई टिकून आहे. उद्या सकाळी कळवतो.