गाडीला ऑनिंग कोणत्या बाजूला लावावं?

रूफ रॅकला (टपावरच्या सामानाच्या चौकटीला) ऑनिंग, म्हणजे पिशवीत गुंडाळून ठेवायचं आणि थांबल्यावर बाजूला उघडायचं सावलीचं कापड, लावायचं तर फुटपाथच्या बाजूलाच. म्हणजे वाहतूक डावीकडून चालते तिथे गाडीच्या डाव्या अंगाला. कडेला थांबून उघडलं तरी दोन-अडीच मीटर कापड रहदारीत जात नाही. व्हॅनचा सरकता दरवाजाही बहुधा याच बाजूला असतो, त्यामुळे स्टोव्ह आणि सामान थेट सावलीत उतरतं. उन्हाची दिशा बघून बाजू ठरवू नका. गाडी फिरवून उभी करता येते, ब्रॅकेट रोज काढून लावता येत नाहीत.

प्रतिसाद १ : असहमत
ऑनिंग उघडतो ते मोकळ्या माळावर, तिथे कसली रहदारी? बाकी सगळा वेळ ते मिटून रॅकला लटकलेलं असतं आणि अरुंद वाटेवर फांद्या घासतात त्या कडेच्याच बाजूला. ड्रायव्हर उजवीकडे, त्याला डावीकडचं अंतर नीट कळत नाही. पिशवीची चेन किंवा शिवण एकदा फाटली की आत पाणी शिरतं, ओलं कापड गुंडाळलेलं राहतं आणि बुरशी धरतं. ड्रायव्हरच्या बाजूला लावा.

प्रतिसाद २
यावर सोपा उपाय आहे. ब्रॅकेट रॅकच्या आडव्या बारच्या टोकाला न लावता आत घ्या, पिशवी आरशांच्या रेषेच्या आत राहिली की झालं.

प्रतिसाद १
आरसा खिडकीच्या उंचीला, पिशवी टपाच्या. वरून झुकलेली फांदी आरशाला न लागता पिशवीला लागते.

प्रतिसाद ३ : दोघांनीही मागचा दरवाजा विचारात घेतला नाही
साधं आयताकृती ऑनिंग असेल तर वरचा वाद ठीक. पण २७० अंशांचं, बाजूकडून मागे वळणारं ऑनिंग डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगळं बनतं. चुकीचं आणलं तर उलटं बसवता येत नाही. मागचा दरवाजा आडवा उघडणारा असेल तर बिजागरी बघा. बिजागरी डावीकडे असेल तर उघडा दरवाजा डाव्या बाजूला भिंतीसारखा आडवा येतो आणि सावलीतून डिकीपर्यंत जायला वळसा पडतो. म्हणून ऑनिंग बिजागरीच्या विरुद्ध बाजूला. दरवाजा वर उघडणारा असेल तर तो ऑनिंगच्या मागच्या सांध्याला आपटतो का, हे आधी तपासा. टपावर तंबू असेल तर शिडी ज्या बाजूला उतरते ती बाजू सोडा. बाजूच्या कनाती लावणार असाल तर सायलेन्सरचं तोंड आणि हीटरचा धूर कुठे निघतो तेही बघा. बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास येत नाही, आणि माणूस दगावतो. माझ्या मते बाजू ठरवताना हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा.

धागाकर्ता
बिजागरीचा मुद्दा मान्य. वर उघडणाऱ्या दरवाजाच्या गाडीला मात्र माझं मत तेच.

प्रतिसाद ४
बाजू कोणतीही घ्या, भोक पाडण्याआधी पिशवीच्या मापाचा पुठ्ठा रॅकला चिकटवून सगळे दरवाजे पूर्ण उघडून बघा. पिशवी खाली आली की दरवाजाची वरची कड तिला घासते. अशा वेळी ब्रॅकेट उलटा करून पिशवी बारच्या वर घ्या. नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा, साधे नट खडबडीत वाटेवर सैल होतात. पहिल्या प्रवासानंतर पुन्हा आवळा. २७० वाल्याचं वजन २० किलोच्या पुढे जातं आणि ते सगळं एकाच अंगाला, त्यामुळे दोन ब्रॅकेट पुरत नाहीत, तीन लावा. आणि पावसात पुढचा एक पाय थोडा खाली ठेवा, नाहीतर मधे पाण्याचा फुगा साठून आडवी दांडीच वाकते.